‘चार्ज’ला मराठीत काय म्हणायचं?

एका शब्दात उत्तर नाही, आणि ते शोधण्याचा हट्टही धरू नये असं मला मनापासून वाटतं. फोन चार्ज होतो, सेवेचा चार्ज लागतो, आरोपीवर चार्ज ठेवतात, नवा अधिकारी चार्ज घेतो, घोडदळ चार्ज करतं आणि इलेक्ट्रॉनवर ऋण चार्ज असतो. या सगळ्यांना पुरेल असा मराठी शब्द बनवला तर तो एकाही ठिकाणी नीट बसणार नाही.

मूळ पाहिलं की हे अर्थ एकमेकांना कसे चिकटले ते कळतं. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा. त्यावरून ‘कारिकारे’ म्हणजे गाड्यात माल भरणं, आणि तिथून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘चार्ज’. कार आणि कार्गो हे त्याचेच भाऊबंद. ‘कॅरिकेचर’सुद्धा याच घराण्यातलं: इटालियनमध्ये त्या क्रियापदाचा अर्थ लादणं, भरणं, म्हणून नाक-कान वाजवीपेक्षा मोठे करून काढलेलं चित्र ते कॅरिकेचर. थोडक्यात, ‘चार्ज’ म्हणजे मुळात ओझं. बंदुकीत भरलं तर दारू, ग्राहकावर टाकलं तर पैसे, माणसावर सोपवलं तर जबाबदारी, संशयितावर ठेवलं तर आरोप.

आता मराठीतला ‘आरोप’ बघा. आरोपण म्हणजे वर ठेवणं, चढवणं, लावणं. ‘वृक्षारोपण’मध्ये हाच अर्थ आहे. म्हणून तर आपण आरोप ‘ठेवतो’, ठपकाही ‘ठेवतो’. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता सारखीच कल्पना वापरली, याचा मला फार आनंद होतो.

इथे क्रियापदाकडे लक्ष द्यायला हवं. ‘आरोप केला’ आणि ‘आरोप ठेवला’ यांत फरक आहे. आरोप कोणीही करू शकतो, शेजारीसुद्धा. इंग्रजीत त्याला ‘अ‍ॅक्यूज’ म्हणतात. ‘चार्ज’ म्हणजे कायद्याच्या रीतीनं ठेवलेला आरोप. पोलीस आरोपपत्र दाखल करतात, न्यायालय आरोप निश्चित करतं. बातमीत ‘अमुकवर चोरीचा आरोप’ एवढंच लिहिलं तर वाचकाला कळत नाही की कोणी नुसतं बोललं आहे की खटला उभा राहिला आहे. तसंच ‘डिस्चार्ज’चं. खटला पुढे चालवण्याइतकाही आधार नाही म्हणून आधीच सोडलं तर तो आरोपमुक्त झाला; खटला पूर्ण चालून सुटला तर त्याची निर्दोष मुक्तता झाली. हे दोन शब्द सर्रास अदलाबदल करून छापले जातात, आणि ज्याचं नाव छापून येतं त्याच्या दृष्टीनं हा फरक किरकोळ नसतो.

पैशाच्या अर्थी मराठी श्रीमंत आहे. वस्तूची ती किंमत, प्रवासाचं किंवा वापराचं ते भाडं, तज्ज्ञाची ती फी, सरकारला देतो तो कर किंवा शुल्क, चुकीबद्दल भरतो तो दंड. आणि सेवेबद्दल घेतात तो ‘आकार’. हा शब्द जमीनमहसुलाच्या ‘आकारणी’मुळे आपल्याला ओळखीचा आहे, आणि वीजबिलावर तो आजही दिसतो: स्थिर आकार, वहन आकार. त्याच बिलावर ‘वीज शुल्क’ वेगळं असतं, कारण ते सरकारचं. ‘चार्जेस’ला सरसकट ‘शुल्क’ म्हटलं की ही बारीक रेघ पुसली जाते. ‘शंभर रुपये चार्ज केले’ला ‘शंभर रुपये आकारले’ इतका नेमका पर्याय असताना तो मागे का पडावा? बोलताना ‘लावले’ किंवा ‘घेतले’ हेही झकास चालतं. ‘चार्ज इट टू माय अकाउंट’ मात्र वेगळं. तिथे ‘माझ्या खात्यावर मांडा’ किंवा ‘नावे टाका’ हीच आपल्या चोपडीतली भाषा.

विजेच्या अर्थापाशी जरा थांबू. इंग्रजीत हा अर्थ बंदुकीतून आला. बेंजामिन फ्रँकलिन 1740 च्या दशकात विजेचे प्रयोग करत होते, तेव्हा वीज साठवणाऱ्या लायडन बरणीबद्दल ते बंदूक भरावी तसं ‘चार्ज’ म्हणत. अनेक बरण्या एकत्र जोडल्यावर त्यांनी 1749 मध्ये त्या जोडणीला ‘बॅटरी’ म्हटलं, तोही तोफांच्या रांगेचाच शब्द. मराठी पाठ्यपुस्तकांत ‘विद्युतप्रभार’ आहे, आणि तो मला चांगला वाटतो. नुसता ‘भार’ म्हटलं तर ‘लोड’शी गल्लत होते, ‘भारनियमन’मधला भार तो हाच लोड.

पण फोन ‘प्रभारित’ झाला असं म्हणू नये. कानाला खटकतं हे एक, शिवाय ते चूकही आहे. चार्ज झालेल्या बॅटरीत एकूण विद्युतप्रभार वाढलेला नसतो. जितका एका टोकानं आत जातो तितकाच दुसऱ्यानं बाहेर पडतो. वाढते ती रासायनिक ऊर्जा. म्हणजे विज्ञानातला चार्ज आणि फोनचा चार्ज हे इंग्रजीतसुद्धा दोन निरनिराळे अर्थ आहेत. फोन ‘चार्जिंगला लावला’, ‘चार्जिंग संपलं’ हे आता पक्कं मराठी आहे. मूळ भाषेत ‘चार्जिंग’ ही क्रिया. आपण तिचं उरलेल्या विजेचं नाम करून टाकलं. कोणी ते नपुंसकलिंगी वापरतं, कोणी स्त्रीलिंगी. परका शब्द घरचा होतो तो असाच.

‘चार्ज्ड’ वातावरणाला तर आपल्याकडे जुनाच शब्द आहे: भारलेलं. मंत्रानं भारणं, भारावून जाणं यात तोच भार आहे आणि विजेचा संबंधसुद्धा नाही.

हल्ल्याच्या अर्थी फार सांगायला नको. ‘अ‍ॅटॅक’ दबा धरूनही होतो, ‘चार्ज’ला वेगानं अंगावर धावून जावं लागतं. सैन्यानं चाल केली, बैलानं मुसंडी मारली. लाठीचार्जला लाठीमार आहेच.

राहिली जबाबदारी. अधिकारी पदभार स्वीकारतो किंवा सूत्रं हाती घेतो. तात्पुरता नेमलेला तो प्रभारी. इंग्रजीत ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे सांभाळणारा, पण मध्ये ‘द’ आला की अर्थ उलटतो आणि तो सांभाळला जाणारा होतो. अनुवाद करणाऱ्यांनी इथे डोळ्यात तेल घालून वाचावं. पहिल्याला ‘ची देखरेख करतो, ताबा सांभाळतो’, दुसऱ्याला ‘च्या ताब्यात, देखरेखीखाली आहे’ किंवा ‘च्या हवाली, स्वाधीन केलेला’ अशी वाक्यरचना सुचवेन, कर्ता नीट बघून.

आणि जिला सांभाळायला मुलं दिली आहेत तिची ती मुलं, म्हणजे ‘हर चार्जेस’? याचा अनुवाद मी ‘तिचं शुल्क’ असा छापलेला पाहिला आहे. ‘पाल्य’ हा शब्द अर्थानं तंतोतंत बसतो, पाळायचा तो पाल्य. पण शाळांच्या सूचनापत्रांमुळे पाल्य म्हणजे स्वतःचं मूल असंच आता डोक्यात येतं, आणि सांभाळायला दिलेल्या आजारी वृद्धाला तर पाल्य म्हणवतच नाही. ‘तिच्यावर सोपवलेली माणसं’ असं लांबवून लिहावं लागतं. तुमच्या बोलीत यासाठी एखादा सुटा शब्द असेल तर वाक्यासकट सांगा.