मदत हवी आहे: कार्बाइड इन्सर्टचे भाव आवाक्याबाहेर चाललेत, तुम्ही कसं सांभाळताय?

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. तीन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन), सात माणसं. मुख्य काम शाफ्ट आणि फ्लँजचं टर्निंग. इन्सर्टच्या, म्हणजे टूलला बसवायच्या धातू कापणाऱ्या बदलत्या तुकड्यांच्या, भावाने पार मेटाकुटीला आलोय. पूर्वी डीलरचा रेट वर्षभर टिकायचा, आता कोटेशनखाली ‘सात दिवस ग्राह्य’ असं लिहून येतं. माझा कस्टमरकडचा रेट मात्र वर्षाचा बांधलेला.

इन्सर्ट म्हणजे टंगस्टन कार्बाइडची पूड, कोबाल्टने बांधलेली. गंमत नाही, दोन्हींच्या नाड्या एकेका देशाच्या हातात आहेत. जगातलं सुमारे ८० टक्के टंगस्टन चीनमधल्या खाणींतून निघतं आणि ४ फेब्रुवारी २०२५ ला त्यांनी टंगस्टनसह पाच धातूंच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. त्याच महिन्यात काँगोने पडलेले भाव सावरायला कोबाल्टची निर्यात थांबवली. ऑक्टोबरपासून सोडली, तीही कोट्याने.

आपल्या देशातून लवकर काही हाती लागेल असं वाटत नाही. राजस्थानातली देगाणाची खाण कधीचीच बंद आहे. मदुराईजवळच्या टंगस्टन ब्लॉकचा लिलाव गावकऱ्यांच्या विरोधानंतर जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने रद्द केला. (शेतं आणि अरिट्टापट्टीचा डोंगर वाचवायला माणसं उभी राहिली, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.) आपल्या नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टनचं खनिज आहे, पण मला इन्सर्ट सोमवारी लागतात.

गेल्या शनिवारी स्क्रॅपचा डबा टेबलावर ओतला आणि एकेक इन्सर्ट भिंगाखाली धरून पाहिला. डब्ल्यूएनएमजी प्रकारच्या इन्सर्टला सहा कॉर्नर (कापणारे कोपरे) असतात. कितीतरी इन्सर्टचे दोन-दोन कॉर्नर कोरे होते, सोनेरी कोटिंगसुद्धा जसंच्या तसं. पोरांचा दोष नाही. शिफ्ट बदलली की कुठला कॉर्नर झालाय ते कळत नाही, म्हणून नवाच लावतात. आता वापरलेल्या कॉर्नरवर मार्करची खूण करायला लावलंय.

जाणकारांनी कृपया सांगावं: स्टील वाढलं की कस्टमर आरएम रिव्हिजन (कच्च्या मालापोटी रेटवाढ) देतो, तसं टूलिंगसाठी कुणाला मिळालंय का? पत्रात काय लिहिलंत? सहा महिन्यांचा साठा करावा का? त्यात खेळतं भांडवल अडकतं आणि पगार थांबवणं मला जमणार नाही. फिनिशिंगला सरमेट (सिरॅमिक आणि धातू मिळून केलेले इन्सर्ट) वापरून पाहिलंय का कुणी? त्यात टंगस्टन कमी लागतं असं वाचलं, पण माझ्या बऱ्याच जॉबवर कट तुटक असतो, टूल मध्येमध्ये सुटून पुन्हा आदळतं, तिथे टिकेल का याची धास्ती आहे. आणि स्क्रॅप कुठल्या हिशोबाने विकता?

प्रतिसाद:
दादा, स्क्रॅपपासून सुरुवात करा. इन्सर्ट, सॉलिड कार्बाइडचे ड्रिल-एंडमिल आणि ब्रेझ केलेले (पितळेने शँकला, म्हणजे दांड्याला, जोडलेले) टूल वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. ब्रेझिंगचं पितळ आणि स्टीलची शँक मिसळली की सगळ्याच मालाचा भाव पाडतात. रिसायकलवाले वितळलेल्या जस्तात कार्बाइड टाकतात, जस्त कोबाल्टमध्ये शिरून तुकडा फुगवतं, मग जस्त उडवून पूड परत मिळते. म्हणजे तुमच्या डब्यातला माल कचरा नाही, कच्चा माल आहे. वजन स्वतःच्या काट्यावर करा. एंडमिल फेकू नका, रीग्राइंड करून (पुन्हा धार लावून) घ्या. तुटक कटवर सरमेट नको, कडा उडते. सलग फिनिशिंगला मात्र बिनधास्त लावा.

धागाकर्ता:
धन्यवाद ताई. डबे आजच वेगळे करतो. टूलिंगच्या रिव्हिजनचं पत्र कुणाकडे असेल तर नावं खोडून इथे टाका, फार उपकार होतील. कस्टमरकडच्या रेटचं माझं रिन्युअल पुढच्या महिन्यात आहे.