मिहीरची साडेसातशे सीसी

(ग्रुप: गुहागरचं घर 🏡)

विद्या: सगळ्यांना विचारते. मिहीर जपानमध्ये मोठी मोटरसायकल घेतोय हे कोणाकोणाला माहीत होतं? मला आज शर्वरीच्या स्टेटसवरून कळलं. ७५० सीसी! आईला सगळ्यात शेवटी सांगायचं अशी पद्धत पडली आहे का आपल्याकडे?

केतन: काकू, मला माहीत होतं 🙈 पण तो म्हणाला मीच सांगतो

विद्या: तुला माहीत असणारच.

सुलभा आत्या: ७५०??? अरे, या घरात एकदा झालं ते पुरे नाही का?

नानाकाका: कौलांचा हिशोब पुन्हा टाकतो आहे. मागच्या पडवीची कौलं आणि वासे पावसाच्या आत बदलायचे आहेत. तीन घरांकडून पैसे यायचे आहेत. नावं घेत नाही.

प्रकाशकाका: मिहीर, गाडी कुठली ते राहू दे. विमा कुठला आणि कितीचा? तेवढं सांग.

विद्या: भाऊजी, तुम्ही त्याला घेऊच नको म्हणा ना. तुमचं ऐकतो तो.

प्रकाशकाका: वहिनी, एकतीस वर्षांच्या मुलाला मी काय नको म्हणणार? विमा विचारू शकतो, तो विचारतोय.

केतन: तिकडे आत्ता रात्रीचा दीड वाजलाय. सकाळी बघेल

सुलभा आत्या: गाड्या शोधायला जाग असते, घरच्यांना उत्तर द्यायला झोप.

सुलभा आत्या: 🌹 शुभ सकाळ 🌹 आजचा दिवस आनंदात जावो 🙏

मिहीर: आई, रविवारी फोनवर सगळं सांगणार होतो. गाडी अजून घेतलेली नाही. तिचं लायसन्सच नाही माझ्याकडे.

विद्या: लायसन्स नाही?? मग इतकी वर्षं चालवतोस ते काय?

मिहीर: अगं, आहे ते ४०० सीसीपर्यंतचं आहे. माझी सध्याची गाडी २५० ची. इथे ४०० च्या वरच्या गाडीला वेगळं लायसन्स लागतं. त्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलंय. माझ्याकडे आधीचं लायसन्स असल्यामुळे १२ तास गाडीवरचे, लेखी वर्ग नाहीत. फक्त चारचाकीचं लायसन्स असेल तर ३१ तास लागतात. शेवटची परीक्षा शाळेतच होते, मग लायसन्स केंद्रात डोळे तपासतात आणि कार्ड देतात.

केतन: इंटरनॅशनल परमिट काढून ने की 😄 आपल्या आरटीओत काम लगेच होतं

मिहीर: ते जपानमध्ये उतरल्यापासून एकच वर्ष चालतं. आणि इथला रहिवासी असलास तर भारतात पंधरा दिवस जाऊन नवं परमिट आणलं तरी उपयोग नाही. तीन महिने तरी बाहेर राहावं लागतं. खूप आपले लोक यात अडकतात. त्यांना वाटतं परमिट ताजं आहे, पण कायद्याने ते विनालायसन्स असतात, मग विम्याचीही पंचाईत.

प्रकाशकाका: हाच तर माझा मुद्दा. विमा कितीचा?

केतन: माझा एक मित्र एप्रिलमध्ये टोक्योला चाललाय, त्याला सांगतो हे. तो तर म्हणत होता आपलं लायसन्स बदलून घेणं सोपं आहे

मिहीर: माझ्या वेळी होतं सोपं. १० प्रश्न असायचे. ऑक्टोबर २०२५ पासून ५० आहेत आणि ४५ बरोबर यावे लागतात. गाडी चालवण्याची परीक्षाही कडक केली आहे. आणि लायसन्स निघाल्यावर भारतात किमान तीन महिने राहिल्याचा पुरावा लागतो. जुने पासपोर्ट फेकू नकोस म्हणावं, शिक्के त्यातच असतात.

सुलभा आत्या: परीक्षा बिरीक्षा ठीक आहे. पण गरज काय? नवराबायको दोघंच. कार घ्या की छोटी.

शर्वरी: आत्या, कार घ्यायची तर आधी पार्किंगची जागा दाखवून पोलिसांकडून दाखला आणावा लागतो. आमच्या बिल्डिंगमधली सगळी पार्किंग गेलेली आहेत. बाहेर महिन्याचं भाडं द्यावं लागेल. मोटरसायकलला तो दाखला लागत नाही, खाली जागा आहे. आणि खरं सांगू का, मलाच मागे बसून फिरायला आवडतं.

सुलभा आत्या: तू पण त्यातलीच. बरं.

विद्या: शर्वरी, तू तरी मला फोन करायचास.

शर्वरी: आई, आज संध्याकाळी करते 🙏

नानाकाका: कौलांचा हिशोब वर टाकला आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी वर जाऊन पाहावा.

मिहीर: आत्या, गरज सांगतो. आम्ही हमामात्सुला राहतो. इथून टोक्यो साधारण २६० किलोमीटर, नागोया १०० च्या आसपास. एक्सप्रेसवेवर १०० चा वेग, शिन-तोमेई नावाच्या एक्सप्रेसवेवर काही भागात तर १२०. २५० सीसीवर दोघं आणि सामान म्हणजे इंजिन सतत रडतं. मागून ट्रक आला की वेग वाढवून बाजूला व्हायला ताकदच उरत नाही. ट्रकच्या वाऱ्याने गाडी हलते ती वेगळीच. मला जास्त पळायचं नाहीये. १०० वर शांत चालणारी गाडी पाहिजे.

केतन: मग आमच्या चाकणची घे ना! ट्रायम्फची स्पीड ४०० बजाजच्या कारखान्यात बनते आणि तिकडे विकतात. ३९८ सीसी. तुझ्या आहे त्या लायसन्सवर बसते. फी वाचली, १२ तास वाचले 💪

नानाकाका: आपल्या चाकणची गाडी जपानमध्ये विकतात? अरे वा. ऊर भरून आला.

मिहीर: हो नानाकाका, आणि त्याच हमामात्सुमध्ये १९४८ साली होंडा कंपनी सुरू झाली. सुझुकीचं मुख्यालय इथेच, यामाहा मोटरचं शेजारच्या इवाताला. केतन, ती मी चालवून बघितली. खरंच छान आहे. एकटा असतो तर तीच घेतली असती.

केतन: आणि आपली होंडा ३५०? भारतात २०२० ला आली, मग २०२१ ला जपानमध्ये जीबी ३५० नावाने. दिसते काय भारी

मिहीर: तीही बघितली. गावात, तळ्याकाठी फिरायला सुंदर. एक्सप्रेसवेला दोघांसाठी कमीच पडते. मी बघतोय ती होंडाची एनसी ७५०. तिची पेट्रोलची टाकी सीटखाली आहे, टाकीच्या जागी सामानाचा कप्पा. हेल्मेट मावतं त्यात. आणि शाळेत शिकवतात तीही एनसीच, त्यामुळे हात बसलेला असेल.

सुलभा आत्या: वजन किती?

मिहीर: दोनशे किलोच्या वर.

सुलभा आत्या: आणि पडली तर?

मिहीर: आमच्या शाळेत पहिल्याच दिवशी आडवी पडलेली गाडी एकट्याने उचलायला लावली. ती उचलली तर पुढे. आणि परीक्षेत ३० सेंटीमीटर रुंद, १५ मीटर लांब पट्टी असते, जमिनीपासून जराशी उंच. त्यावरून गाडी न पडता न्यायची, पण घाई चालत नाही, किमान १० सेकंद लावावे लागतात. म्हणजे हळू चालवता येतं का ते बघतात. पळवायला कोणीही पळवतो.

रेवती: हे मला फार आवडलं. आमच्याकडे कॅज्युअल्टीला येणाऱ्या निम्म्या पोरांना हळू गाडी वळवता येत नाही.

सुलभा आत्या: रेवती, तू डॉक्टर असून त्याची बाजू घेतेस? बापू गेल्यापासून मला बुलेटचा आवाज आला तरी छातीत धडधडतं. तुम्हा मुलांना काहीच कसं वाटत नाही?

केतन: आत्या, माझे बाबा होते ते. मला काही वाटत नाही असं कसं लिहिता?

सुलभा आत्या: तुला नाही बोलले मी.

केतन: तुम्हा मुलांना म्हणजे मीच ना. बाबांचं जे झालं ते गाडी मोठी होती म्हणून नाही झालं. रात्री वळणावर बंद ट्रक उभा होता. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधी झाडाची फांदीसुद्धा टाकलेली नव्हती. स्कूटर असती तरी तेच झालं असतं. प्रत्येक गाडीच्या वेळी बाबांचं नाव निघतं, आणि मी दरवेळी गप्प बसतो.

रेवती: दोघंही थांबा प्लीज. आजी वाचते हा ग्रुप.

सुलभा आत्या: केतन, माझा धाकटा भाऊ होता तो. राखी बांधायची तर त्याचा हात नाही उरला. एवढंच.

केतन: माहितीये आत्या. 🙏

प्रकाशकाका: आता मी एकदाच सविस्तर लिहितो. बापूच्या गाडीची पॉलिसी संपून दोन महिने झाले होते. तीन आठवडे आयसीयू. बिल कसं भरलं, सांगलीचा प्लॉट का विकला, सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी सारखा विमा विमा करतो. कंटाळा आला तरी चालेल. मिहीर, उत्तर दे.

नानाकाका: प्लॉट माझ्या नावावर होता. पण तो विषय मी कधी काढला नाही आणि आजही काढणार नाही.

सुलभा आत्या: काढलास की आत्ता.

नानाकाका: प्रकाशने काढला. मी फक्त दुरुस्ती केली.

मिहीर: प्रकाशकाका, इथे जिबाइसेकी नावाचा सक्तीचा विमा असतो. त्याच्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मृत्यू झाला तर ३ कोटी येनपर्यंत, कायमचं मोठं अपंगत्व आलं तर ४ कोटींपर्यंत.

विद्या: ४ कोटी येन म्हणजे खूपच झाले की.

प्रकाशकाका: वहिनी, थांबा. कोणाला मिळतात ते विचारा. मिहीर, चालवणाऱ्याला काय?

मिहीर: काही नाही. समोरच्या जखमी माणसाला मिळतात. समोरच्याच्या गाडीचं, दुकानाचं नुकसान झालं तर तेही यात येत नाही.

प्रकाशकाका: झालं. म्हणजे तू पडलास, तर हा कागद तुझ्यासाठी कोरा आहे. आणि शर्वरी मागे असेल तर?

मिहीर: मागे बसलेल्याची इजा जिबाइसेकीत धरतात. पण १२ लाख येनच्या वर साधा उपचारखर्च गेला तर उरलेलं आपल्यावर. म्हणून वरून ऐच्छिक विमा घ्यायचा. त्यात समोरच्या माणसासाठी अमर्याद रक्कम मिळते. आणि चालवणाऱ्याच्या स्वतःच्या इजेसाठी वेगळी तरतूद असते, ती मुद्दाम मागून घ्यावी लागते. हप्ता वाढतो म्हणून बरेच जण ती सोडून देतात.

प्रकाशकाका: तू सोडायची नाहीस.

मिहीर: नाही सोडणार काका.

केतन: ४०० पेक्षा ७५० चा टॅक्स जास्त असेल ना पण? इथे बघ, सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वर ४० टक्के जीएसटी, खाली १८

मिहीर: इथे उलट आहे. २५० च्या वर गेलास की ४०० असो वा १०००, वर्षाला ६,००० येनच. माझ्या २५० ला ३,६००. खरा फरक शाकेनचा. २५० च्या वरच्या गाडीची सरकारी तपासणी, नव्या गाडीची तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. ब्रेक, दिवे, आवाज, धूर सगळं बघतात. खर्च होतो, पण काकू म्हणून... सॉरी, आई म्हणून तुला बरं वाटेल.

विद्या: 🙄

सुलभा आत्या: कर्ज काढून घेतोयस का रोख?

मिहीर: कर्जाला विचारलं होतं. व्हिसाची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी पडली, म्हणून नाही म्हणाले. परमनंट रेसिडेन्सी नसली की हे होतंच. जुनी गाडी विकून आणि साठवलेल्या पैशातून रोख घेणार. सेकंडहँड, डीलरकडून.

सुलभा आत्या: रोख आहेत म्हणजे. बरं झालं कळलं. कौलांचे पैसे ज्यांच्याकडून यायचेत त्यात तुमचं घर आहे असं मी ऐकलं.

विद्या: सुलभाताई, हे जरा जास्त होतंय.

मिहीर: नानाकाका, आत्ता पाठवले. आमचे आणि आई-बाबांचे एकत्रच. स्क्रीनशॉट टाकला.

नानाकाका: मिळाले. आभार. आता दोन घरं उरली. नावं घेत नाही.

केतन: आत्या, दोन घरं 😇

सुलभा आत्या: माझे मी सोमवारी बँकेत जाऊन भरणार आहे. मला ते मोबाईलवरचं जमत नाही.

विद्या: मिहीर, हेल्मेट मी इथून पाठवते. केतनबरोबर जाऊन चांगलं घेते.

मिहीर: आई, नको. इथे विकल्या जाणाऱ्या हेल्मेटवर पीएससी ही सुरक्षेची खूण लागते. इथेच दुकानात डोक्याचं माप घेऊन देतात. तू पैसे दे हवं तर 😊 छातीचं प्रोटेक्टर आणि एअरबॅगचं जॅकेटही घेणार आहे, दोघांना.

विद्या: पैसे देते. चांगलंच घे, सवलत बघू नकोस. आणि शर्वरी मागे बसायची ती नंतर. आधी तुझा हात बसू दे.

शर्वरी: मान्य आई. एक्सप्रेसवेवर डबलसीट न्यायला तसंही वय २० पूर्ण आणि लायसन्सला तीन वर्षं झालेली लागतात. २००५ पर्यंत तर बंदीच होती. मिहीरची तीन वर्षं झालीत, पण नव्या गाडीवर मी लगेच बसणार नाही. आधी त्याने एकट्याने चालवायची.

केतन: परत येताना घेऊन ये रे गाडी 😍

मिहीर: नाही रे. वापरलेली गाडी भारतात आणणं फार अवघड आणि महाग. इथेच विकायची, नाव बदलून घ्यायचं किंवा नोंदणी रद्द करायची. नाहीतर १ एप्रिलला ज्याच्या नावावर गाडी, त्याला वर्षाचा टॅक्स येतोच, तो पुण्यात बसलेला का असेना.

सुधीर: सकाळपासून वाचतोय. मिहीर, बारा तास पूर्ण कर. एकही चुकवू नकोस. लायसन्स आल्यावर आधी विम्याचा कागद प्रकाशला पाठव. तो हो म्हणाला की मग डीलरकडे जा. विद्याशी मी बोललो आहे.

विद्या: बोललो म्हणजे सांगितलं. पण ठीक आहे.

मिहीर: हो बाबा.

प्रकाशकाका: कागद जपानीत असणार. मला पूर्ण नको. चालवणाऱ्याच्या स्वतःच्या इजेची रक्कम, वयाची अट, आणि विमा कधी संपतो ती तारीख. शर्वरी, एवढं मराठीत लिहून पाठव.

शर्वरी: हो काका. दोन कंपन्यांची कोटेशन्स आली आहेत. एकीत स्वतःच्या इजेचा रकाना रिकामा आहे.

प्रकाशकाका: ती बाजूला ठेव. दुसरी पाठव.