पीएचपी: फंक्शनमधला काउंटर १ च्या पुढे सरकत नाही

प्रश्न:
पीएचपी ८.२ (सर्व्हरवर चालणारी वेब-भाषा), अपाचे वेब सर्व्हर. फाइलच्या सुरुवातीला 'टोकन' व्हेरिएबलमध्ये ० ठेवलंय. बटण दाबलं की फॉर्म सबमिट होतो, फंक्शन टोकन एकने वाढवून छापतं. दरवेळी १ च येतो, सोबत 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल' ही वॉर्निंग. फंक्शनच्या आत ते स्टॅटिक (दोन कॉल्सच्या मध्ये किंमत टिकवणारं) केल्यावर वॉर्निंग गेली, आकडा तोच. सेशन (एका ब्राउझरचा डेटा सर्व्हरवर जपणारी सोय) वापरू का?

उत्तर १:
लक्षण एक, पण भानगडी दोन. पीएचपीत फंक्शनला बाहेरचं व्हेरिएबल आपोआप दिसत नाही. जावास्क्रिप्टची सवय इथे नडते. तुमचं आतलं टोकन कोरं, म्हणजे नल आहे, आणि नलला ++ (एकने वाढवणं) लावलं की १ होतो. फंक्शनमध्ये ग्लोबल लिहून बाहेरचं टोकन आत घेतलंत तर वॉर्निंग जाईल. पॅरामीटर देऊन रिटर्न घेणं त्याहून बरं. पण आकडा तरीही वाढणार नाही, कारण रिक्वेस्ट (ब्राउझरने पानासाठी केलेली एक मागणी) संपली की सगळी व्हेरिएबल्स पुसली जातात, स्टॅटिकसकट. स्टॅटिक एवढंच करतं की एकाच रिक्वेस्टमध्ये फंक्शन पाचदा बोलावलं तर १ ते ५ मोजतं.

उत्तर २:
सेशन वापरणार असाल तर सेशन-स्टार्ट हे फंक्शन कुठल्याही आउटपुटच्या (ब्राउझरला जाणाऱ्या मजकुराच्या) आधी हवं. पीएचपी टॅगच्या आधीची एक रिकामी ओळ किंवा फाइलमधला बीओएमसुद्धा (फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) 'हेडर्स ऑलरेडी सेंट' ही वॉर्निंग आणतो. लोकलला (तुमच्या मशीनवर) आउटपुट बफरिंग, म्हणजे मजकूर लगेच न पाठवता साठवून ठेवणं, चालू असेल तर ही चूक झाकली जाते आणि सर्व्हरवर उघडी पडते. शिवाय जीसी-मॅक्सलाइफटाइम (सेशनचा डेटा किती वेळ जपायचा हे सांगणारी सेटिंग) डीफॉल्टने १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. त्यानंतर डेटा कधीही साफ होऊ शकतो.

प्रश्नकर्ता:
टोकन सगळ्यांचं मिळून एकच आहे, माणशी वेगळं नाही.

उत्तर १:
मग सेशन बाद. ते प्रत्येक ब्राउझरचं वेगळं असतं, सगळ्यांनाच १ नंबर मिळेल! मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये एका ओळीचं टेबल ठेवा. मात्र आधी सिलेक्ट (वाचणं), मग पीएचपीत अधिक एक, मग अपडेट (परत लिहिणं) असं करू नका. दोघांनी एकदम बटण दाबलं तर दोघांना तोच नंबर जातो. एकाच अपडेटमध्ये 'टोकन = लास्ट-इन्सर्ट-आयडी(टोकन + १)' लिहा, आणि त्याच कनेक्शनवर लगेच लास्ट-इन्सर्ट-आयडी वाचा. ती किंमत कनेक्शनपुरती असते, दुसऱ्याची तुम्हाला मिळत नाही.

उत्तर ३:
एक राहिलं. पोस्टनंतर, म्हणजे फॉर्म सबमिट झाल्यावर, थेट नंबर छापलात तर पान रिफ्रेश केल्यावर फॉर्म पुन्हा जाऊन टोकन फुकट वाढेल. नंबर सेशनमध्ये टाका (इथे ते योग्य आहे, मिळालेला नंबर ज्याचा त्याचा असतो), हेडर पाठवून ३०३ रीडायरेक्ट करा (ब्राउझरला दुसऱ्या पानावर धाडा) आणि खाली एक्झिट लिहा. हेडर पाठवल्याने स्क्रिप्ट थांबत नाही.