वरचं दूध आणि प्लास्टिकची बाटली: पाळणाघरासाठी काय पर्याय आहे?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी चौथ्या महिन्यात आहे. अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचं दूधही द्यावं लागतं. पुढच्या महिन्यात मी कामावर रुजू होईन, ती पाळणाघरात जाईल आणि तिथे तिला प्लास्टिकच्या बाटलीनेच पाजतील. त्याबद्दल मदत हवी आहे.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२० साली पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या होत्या. नेहमीच्या पद्धतीने दूध तयार करताना एका लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत मायक्रोप्लास्टिकचे, म्हणजे प्लास्टिकचे अगदी बारीक कण सुटतात, असं त्यांना आढळलं. पाणी जितकं गरम, तितके कण जास्त. ‘बीपीए-फ्री’ लिहिलेल्या बाटल्याही बऱ्याचदा याच प्लास्टिकच्या असतात. बीपीए हे काही प्लास्टिकमध्ये वापरलं जाणारं वेगळं रसायन; ते नसलं तरी कण सुटायचे ते सुटतातच.

पण पावडरचं दूध कोमट पाण्यात कालवून चालत नाही. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी ७० अंशांच्या खाली जायच्या आत ती मिसळावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात मी अजिबात तडजोड करणार नाही. जुलाब किंवा जंतुसंसर्ग झाला तर एवढ्याशा जिवाचे किती हाल होतील! त्यामुळे पाणी कमी गरम घे, असं कृपया कोणी सुचवू नका.

घरी आमचं बसलंय. स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळायचं, स्टीलमध्येच दूध कालवायचं, पिण्याइतपत निवलं की मगच बाटलीत ओतायचं. बाटली उकळून काढल्यावर, स्टीलच्या भांड्यात उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा विसळायची. बाटलीत दूध घालून खळाखळा हलवायचं नाही. ट्रिनिटीच्या संशोधकांनीही साधारण हाच क्रम सुचवला आहे. दिवसा तर सासूबाई त्यांच्याकडच्या जुन्या चांदीच्या बोंडल्यानेच पाजतात. मुलीला मांडीवर नीट उंच धरून, घोट घोट, तिच्या कलाने. डॉक्टरांनाही ते पसंत आहे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं स्वच्छ करायला सोपं, असं ते म्हणाले.

पाळणाघरातल्या ताई प्रेमळ आहेत, पण त्यांच्याकडे एका वेळी बरीच मुलं असतात. बोंडल्याने पाजायला तेवढा वेळ कुठून आणणार? काचेची बाटली फुटून मुलांना लागेल म्हणून चालत नाही, आणि ते मला पटतं. मला खरी काळजी मायक्रोवेव्हची आहे. तिथे दूध प्लास्टिकच्या बाटलीसकट त्यात गरम करतात. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाने २०२३ मध्ये बाळांच्या खाण्याचे प्लास्टिकचे डबे मायक्रोवेव्हमध्ये तापवून पाहिले, तेव्हा काही डब्यांच्या एका चौरस सेंटिमीटरमधून तीन मिनिटांत ४० लाखांहून जास्त मायक्रोप्लास्टिकचे आणि २०० कोटींहून जास्त नॅनोप्लास्टिकचे (त्याहूनही सूक्ष्म) कण सुटले. शिवाय मायक्रोवेव्हमध्ये दूध सगळीकडे सारखं तापत नाही, तोंड भाजायची भीती वेगळीच.

या कणांनी बाळाला नेमका अमुक आजार होतो, असं सिद्ध झालेलं नाही. इटलीत मानेच्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया झालेल्या २५७ रुग्णांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या १५० जणांच्या रक्तवाहिनीत आतून साचलेल्या चरबीच्या थरात पॉलिथिलीन या प्लास्टिकचे कण सापडले. ज्यांच्यात असे कण होते त्यांच्यात पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचं प्रमाण साडेचार पट होतं. प्लास्टिकमुळेच हे झालं असं त्यावरून म्हणता येत नाही, आणि ती सगळी मोठी माणसं होती. तरीही जे सहज टाळता येतं ते टाळावं, असं मला मनापासून वाटतं.

मी असा विचार केलाय: घरून चांगल्या थर्मासमध्ये उकळतं पाणी, स्टीलच्या छोट्या डब्यांत एकेका वेळची मोजलेली पावडर आणि एक फुलपात्र द्यायचं. ताईंनी त्यात दूध कालवून, गार पाण्यात फुलपात्र धरून निववायचं आणि स्टीलच्या बाटलीत ओतायचं. आयतं दूध करून पाठवणं मला सुरक्षित वाटत नाही, कारण बाहेर ठेवलेलं दूध दोन तासांत संपवावं लागतं.

कोणी असं केलंय का? थर्मासमधलं पाणी दुपारपर्यंत ७० अंशांच्या वर राहतं का, कोणी थर्मामीटरने मोजलंय का? स्टीलच्या बाटलीत आतलं दूध दिसत नाही, मग बाळ किती प्यायलं ते ताई कसं सांगतात? त्या बाटल्यांना सिलिकॉनची बोंडं नीट बसतात की गळतात? आणि पाळणाघरातल्या ताईंना न दुखावता मायक्रोवेव्ह बंद करायला कोणी राजी केलं असेल, तर नेमकं काय बोललात तेही कृपया लिहा. मला याच आठवड्यात त्यांच्याशी बोलायचं आहे.