मदत हवी आहे: सॅक्सन एचईमध्ये एक्सएसएलटीतून जावाची मेथड कशी बोलवायची?

नमस्कार मंडळी,

आमची जुनी स्टाइलशीट एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूपांतर करणारी भाषा) १.० मधली, झालान या प्रोसेसरवर चालणारी. तिथे नेमस्पेसमध्ये जावा क्लासचं नाव दिलं की स्टॅटिक मेथड थेट बोलवता यायची. आता ग्रुपिंग आणि रेगेक्ससाठी २.० वर जायचंय, म्हणून सॅक्सन या प्रोसेसरची मोफत आवृत्ती, एचई, घेतली. तर मेथड बोलवणाऱ्या त्याच ओळीवर 'असं फंक्शन सापडत नाही' म्हणून कंपाइल अडतं. क्लासपाथ तपासला, जार जागेवर आहे. वाचनात आलं की अशी थेट हाक फक्त पीई आणि ईई या विकतच्या आवृत्त्यांत चालते. एचईमध्ये एक्स्टेन्शनफंक्शन इंटरफेस राबवून ते प्रोसेसरकडे नोंदवावं लागतं.

नोंदणी जावा कोडमधून केली तर जमतं. पण आमचं बरंचसं काम कमांड लाइनवरून चालतं. तिथे इनिट पर्यायाला इनिशियलायझर क्लास (सुरुवातीलाच नोंदणी करणारा) देणं हाच मार्ग का? कुणी रोजच्या वापरात ठेवलाय?

खरी धास्ती दुसरीच. एक मेथड चेकसम (डेटा बदलला का ते तपासायचा आकडा) काढते, तिचं काही नाही. दुसरी मात्र दर वेळी पुढचा अनुक्रमांक देते. एक्सएसएलटीत हाकांच्या क्रमाची हमी नसते, शिवाय ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा भाग) हाक लूपबाहेर काढू शकतो, म्हणजे डेटातल्या सगळ्या नोंदींना एकच क्रमांक! एक्स्टेन्शनफंक्शनडेफिनिशनमधलं (फंक्शन नोंदवायचा दुसरा क्लास) हॅजसाइडइफेक्ट्स, म्हणजे 'या हाकेचे बाह्य परिणाम आहेत' ही खूण, खरं ठेवून हे थांबतं का? की क्रमांक बाहेरच तयार करून पॅरामीटरने आत पाठवू? मला दुसरं बरं वाटतंय, पण त्यासाठी नोंदी आधी मोजाव्या लागतील.

कुणाकडे चालता नमुना असेल तर कृपया टाका.