प्रति: वर्गमित्रांनी निवडायचं म्हणजे लोकप्रियतेची स्पर्धाच ना?

शंका रास्त आहे, पण रुग्णांशी माणुसकीनं वागणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना मान देणाऱ्या अमेरिकेतल्या गोल्ड ह्युमॅनिझम ऑनर सोसायटीत (२००२ पासून) वर्गमित्र नावं सुचवतात तेव्हा नुसतं हात वर करून मतदान होत नाही. 'उत्तम विद्यार्थी कोण?' असं विचारलं की हुशार आणि बोलके तेवढे वर येतात. म्हणून प्रश्न नेमका हवा: तुमच्या घरचं माणूस आजारी पडलं तर वर्गातल्या कोणाकडे सोपवाल?

हे विचारायचं ते वॉर्डातल्या पोस्टिंग बऱ्यापैकी उरकल्यावर. त्याआधी रुग्णाशी कोण कसं वागतं हे कोणी पाहिलेलंच नसतं. मग समिती वर्तनाची नोंद तपासते. गुण फक्त उंबरठ्यापुरते. अभ्यासातल्या हुशारीसाठी अल्फा ओमेगा अल्फा ही वैद्यकीय विद्यार्थ्यांची मानाची संस्था १९०२ पासून आहेच.

गडबड होते ती मोजणीत. निम्म्यांनीच फॉर्म भरला तर एखादा कंपू आपली माणसं सहज पुढे काढतो. लांबच्या रुग्णालयात पोस्टिंग झालेल्याला मुळात पाहिलेले वर्गमित्रच कमी, त्यामुळे त्याच्या मतांचा आकडा छोटा दिसतो. नुसती बेरीज न करता नावं किती वेगवेगळ्या तुकड्यांतून आली ते बघावं, आणि यादीतला क्रम प्रत्येक फॉर्ममध्ये बदलता ठेवावा. वरच्या नावांपुढे उगाच जास्त खुणा होतात.

निवासी डॉक्टर निवडताना विद्यार्थ्यांचं मत घ्यावंच, पण वॉर्डातल्या सिस्टरांनाही विचारा. रात्री दोन वाजता नातेवाइकांशी कोण नीट बोलतं, हे त्यांनाच माहीत असतं.