मदत हवी आहे: इंजिनच्या हेडमध्ये तुटलेला स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) कसा काढू?

नमस्कार मंडळी. बाबांच्या २२ वर्षं जुन्या पेट्रोल गाडीचं एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट बदलायला घेतलं आणि शेवटचा स्टड पान्याखालीच तुटला. ८ एमएमचा, १.२५ पिचचा. हेडच्या तोंडापासून साधारण २ एमएम आत तुटलाय, पकडायला काहीच नाही.

दोन दिवस गंज सोडवायचा स्प्रे मारतोय, काही फरक नाही. ईझी-आउट (तुटलेल्या स्टडला भोक पाडून, त्यात उलटा फिरवून तो बाहेर काढायचं हत्यार) आणलाय, पण हात धजावत नाही. तो आत तुटला तर त्याच्या कडक पोलादावर साधा ड्रिल चालणार नाही. शिवाय हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ड्रिल जरा सरकला की मऊ धातूच खाणार.

लेथवाले काका म्हणतात, स्टडवर नट ठेवून आतून वेल्डिंग कर, त्या उष्णतेनेच आटे सुटतात. पण इतक्या आत, हेड गाडीवर असताना हे कुणी केलंय का? की सेंटर पंच मारून आधी डाव्या आट्यांचा (उलटा फिरणारा) ड्रिल लावू? आटे गेलेच तर हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) एक्झॉस्टच्या गरमीत टिकतं का?

मी कोल्हापुरात आहे. हेड उतरवावंच लागलं, तर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत स्पार्क इरोजनने (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून) स्टड काढून मिळेल का? बाबांचा या गाडीत फार जीव आहे, हेड खराब व्हायला नको. स्वतः केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.